एका नंबरावरची माणसं

वारजे, सोमवार, ५ जानेवारी २०२६

चि. अर्शियास,
अनेक आशीर्वाद.

तू बाळंतपणाच्या रजेवर आहेस आणि तुला कुणी फोन करायचा नाही, असं ऑफिसात ठरलं आहे. शिवाय फोन वाजला की अलिझा उठते, असं तू कळवलं होतंस. म्हणून मेल करतो आहे. मेलचा आवाज होत नाही.

अलिझा कशी आहे? कात्रजला तुझ्या आईकडे थंडी जास्त असणार, डोंगर जवळ आहे. तिला टोपरं घालत जा.

आता कामाचं. तू आपल्या ट्रस्टचा रिपोर्ट बनवून दिलास आणि मी तो दर सोमवारी चालवतो. त्यात धायरी केंद्राचं एक विचित्र चित्र दिसतं आहे. एका माणसाला वर्षात एक मोफत चष्मा, हा आपला नियम. रिपोर्ट म्हणतो, धायरीला अडतीस माणसांनी तीन किंवा त्याहून जास्त चष्मे नेले. बद्रीनाथ नावाच्या एका टेम्पोवाल्याच्या नावावर पाच आहेत. माणसाला डोळे दोन.

अभिनव साहेबांनी हे पाहिलं. व्यवस्थापक म्हणून ते नवे असले तरी तू त्यांना ओळखतेस, आवाज चढवत नाहीत. नुसतं "इंटरेस्टिंग" म्हणाले. आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. आता सत्तावीस तारखेला समितीची बैठक आहे. प्रेमलाताईंनी तोवर खुलासा द्यायचा, नाहीतर त्यांना केंद्रावरून काढणार. चष्मे बाहेर जातात अशी कुजबुज सुरू झाली आहे. एकोणीस वर्षं त्या धायरीला डोळे तपासून चष्मे देत आहेत.

मला वाटतं, गफलत रिपोर्टमध्ये आहे. पण माझ्या वाटण्याचा समितीला काय उपयोग? कुठे कुठे बघू ते सांग. घाई नाही. म्हणजे आहे.

तुझा,
रंगनाथ काका


कात्रज, ७ जानेवारी

सलाम काका,

तुमचा मेल म्हणजे पूर्ण पत्रच असतं. अम्मीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "टोपरं घाल म्हणणारा एक तरी माणूस तुझ्या ऑफिसात आहे म्हणायचा." टोपरं घातलंय. अलिझा ते ओढून तोंडात घालते.

आता हे करा. रिपोर्टमागचं मॉडेल उघडा, जिथे टेबलांचे चौकोन दिसतात तिथे. एका चौकोनात रुग्णांची यादी आहे, दुसऱ्यात दिलेल्या चष्म्यांची. दोघांमध्ये एक रेष आहे, ती मोबाइल नंबरवरून जोडलेली आहे. चष्म्याच्या नोंदीत जो नंबर, तोच रुग्णांच्या यादीत शोधायचा, आणि तिथे ज्याचं नाव असेल त्याचा तो चष्मा. सॉफ्टवेअर एवढंच करतं. त्याला बाकी काही कळत नाही.

त्या रेषेच्या दोन टोकांना काय लिहिलंय ते बघा. एकचा आकडा असतो किंवा चांदणी. एक म्हणजे त्या यादीत प्रत्येक नंबर एकदाच आहे, चांदणी म्हणजे कितीही वेळा असू शकतो. मग रेषेवरचा बाण एकाच दिशेला आहे की दोन्ही, ते बघा. मग दोन्ही टेबलांत नंबर टेक्स्ट म्हणून साठवलाय की आकडा म्हणून. आणि शेवटी, माणसांची भानगड बाजूला ठेवून धायरीच्या चष्म्यांची नुसती बेरीज करा. वाटपाच्या वहीशी जुळते का?

आणि मी गेल्यावर कुणी काही बदललं का?

अजून एक बोलते, रागावू नका. प्रेमलाताई मनाने फार मऊ आहेत. माझ्या खालाचा चष्मा हरवला तेव्हा त्यांनी सरळ दुसरा दिला होता, वर कुणाला न विचारता. तेव्हा मॉडेल कदाचित खरंही बोलत असेल. मॉडेल मी बनवलंय म्हणून म्हणत नाहीये. थोडं म्हणून म्हणतेय.

अर्शिया


वारजे, ९ जानेवारी

चि. अर्शियास,
आशीर्वाद.

सांगितलंस तसं सगळं पाहिलं. रुग्णांच्या टोकाला एक आहे, चष्म्यांच्या टोकाला चांदणी. बाण एकाच दिशेला, रुग्णांकडून चष्म्यांकडे. नंबर दोन्हीकडे टेक्स्ट आहे. चष्म्यांची बेरीज ५८३, वाटपाच्या वहीतही ५८३. एकाचाही फरक नाही. मला हे पाहून आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. बेरीज बरोबर आहे म्हणजे पाच चष्मेही बरोबर, असं अभिनव साहेब म्हणतील.

कुणी काही बदललं का, असं तू विचारलंस. तुझ्यानंतर मॉडेल माझ्याच हाती आहे आणि मी दर सोमवारी रिफ्रेश दाबतो.

काल धायरीला जाऊन आलो. केंद्रावर रांग होती. प्रेमलाताई एका आजोबांना अक्षरं वाचायला लावत होत्या. मी बाजूला उभा राहून विचारलं, "ताई, खुलासा लिहिलात का?"

"कसला?"

"चष्म्यांचा."

"तुमच्या कॉम्प्युटरने लिहिलाय ना? पुढचंही त्यालाच लिहू द्या."

मी म्हटलं, "बद्रीनाथच्या नावावर पाच आहेत हो."

"असतील की. एक डोळ्यांवर, एक कपाळावर, एक मानेमागे. टेम्पो रिव्हर्स घ्यायला लागतो त्याला." मग आजोबांकडे वळून, "तुम्ही वाचा, आजोबा. यांचं चालायचंच."

मी निघून आलो. त्या खुलासा लिहिणार नाहीत. लबाडी केलेलं माणूस असं बोलत नाही, असं मला बसमध्ये सारखं वाटत राहिलं. तुझ्या खालाचं मी कुणाला सांगितलेलं नाही.

रंगनाथ काका


कात्रज, रविवार, ११ जानेवारी

काका,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना अलिझा खांद्यावर होती, तिने शर्टावर दूध काढलं तरी मी वाचत होते.

तुम्ही लिहिलंय, रुग्णांच्या टोकाला एक आहे. मी रजेवर गेले तेव्हा तिथे एक नव्हता. दोन्ही टोकांना चांदणी होती आणि बाणही दोन्हीकडे. रेष आपोआप बदलत नाही, काका.

पण आधी माझं सांगते, कारण ते मी लपवलं होतं. पहिल्यांदा मॉडेल बनवलं तेव्हा आपल्याकडे फक्त वारजे, कोथरूड अशा सोसायट्यांच्या शिबिरांचा डेटा होता. तिथे प्रत्येकाचा फोन वेगळा. नंबर म्हणजे माणूस, असं धरून चाललं. ऑक्टोबरमध्ये धायरीच्या गावठाणाच्या वह्या त्यात टाकल्या आणि रिफ्रेश बंद पडला. एकाच नंबरावर दोन-दोन, तीन-तीन रुग्ण आहेत, असं तो सांगत होता. मला नववा महिना, खुर्चीत धड बसवत नव्हतं. मी दोन्ही टोकांना चांदण्या लावून टाकल्या. एरर गेला, मी पण गेले. नंतर बघू म्हटलं होतं. नंतर अलिझा आली.

आता तुमचं तुम्ही बघा. बेरीज जुळतेय म्हणजे चष्मा एकही हरवलेला नाही. मग माणसं हरवली असणार. नोंदणीच्या वहीत धायरीची माणसं किती, आणि मॉडेलमधल्या रुग्णांच्या टेबलात किती? मोजा आणि कळवा.

प्रेमलाताईंबद्दल जे लिहिलं ते मी मागे घेते. निदान अर्धं.

अर्शिया


वारजे, १३ जानेवारी

चि. अर्शिया,

वहीत ६४० माणसं आहेत. मॉडेलमध्ये ४६९. एकशे एकाहत्तर माणसं नाहीत. ती मी काढली.

तू गेल्यावर पहिल्याच सोमवारी अभिनव साहेब म्हणाले की नावानिशी मोजलं तर धायरीचे चष्मे नऊशेच्या वर जातात आणि खाली एकूण सहाशेच्या आतच लिहिलंय. "हे जुळवून घ्या." चांदण्यांमुळे एका नंबरावरचे सगळे चष्मे त्या नंबरावरच्या प्रत्येकाच्या नावापुढे येत होते, हे आज कळतं. तेव्हा कळलं नाही. तू बाळंतपणाला गेलेली, तुला कसं विचारणार? मी रुग्णांच्या टोकाला एक केला. सॉफ्टवेअर म्हणालं, चालणार नाही, डुप्लिकेट आहेत. तिथे डुप्लिकेट काढण्याचं बटण आहे. मी ते दाबलं.

मला स्वच्छतेची सवय आहे, ठाऊक आहे तुला. टेबलावर दोन पेनं असली तर एक मी ड्रॉवरमध्ये ठेवतो. बटण दाबल्यावर एरर गेला, नावं आणि बेरीज जुळली. त्या दिवशी मी डबा मोठ्या समाधानाने खाल्ला. कोणाला ठेवू, असं सॉफ्टवेअरने विचारलं नाही. प्रत्येक नंबरावरचा पहिला माणूस ठेवला, खालचे काढून टाकले. आणि खालच्यांचे चष्मे त्या पहिल्याच्या नावावर गेले.

गेलेल्या एकशे एकाहत्तर जणांची यादी काल बोट ठेवून वाचली. एकशे अठ्ठावन्न बायका आहेत. बहुतेक म्हाताऱ्या. बद्रीनाथची आई वेणूबाई त्यात आहे. गावठाणात घराची नोंद करताना कर्त्या पुरुषाचं नाव आधी लिहितात, मग बाकीच्यांची, आणि नंबर सगळ्यांपुढे त्याचाच. हे स्वयंसेवकांना कुणी शिकवलं ते सांगतो. मी. वीस वर्षांपूर्वी मी शिबिराचा कारकून होतो. घरातला एकच नंबर लिहा, पण लागणारा लिहा, असं मीच सांगायचो. आमच्या गावच्या शाळेतही हजेरीपटावर मुलं आधी आणि मुली खाली असत. मला त्यात कधी काही वावगं दिसलं नाही. मी वरच्या भागात होतो.

शुक्रवारी तुला लिहिताना मला बटण आठवत होतं. नीट आठवत होतं. तरी मी "रिफ्रेश दाबतो" एवढंच लिहिलं.

आणखी एक सांगून टाकतो. बटण दाबल्याची पायरी मॉडेलमध्ये नोंदलेली राहते; ती गुपचूप काढून टाकावी, असं मनात आलं. मॉडेलच्या आत कोण बघतं? बैठकीत म्हणता येईल की तांत्रिक दोष होता, दूर झाला. आज सकाळी नामस्मरणाला बसलो तेव्हाही तेच. माळ हातात आणि डोक्यात पळवाट. किती मणी गेले ते कळलं नाही. मग माळ ठेवली आणि हे लिहायला बसलो.

काय करू?

रंगनाथ काका


कात्रज, संक्रांत

काका,

तिळगूळ घ्या. अम्मीने शेजारच्या काकूंकडून आलेला डबा रिकामा होण्याआधी तुमच्यासाठी दोन लाडू बाजूला काढलेत. कधी येताय?

गुपचूपचं विसरा. धर्म बाजूला ठेवा, ते टेक्निकलीच जमणार नाही. पायरी काढली की तेच डुप्लिकेट परत येतील आणि रिफ्रेश पुन्हा बंद पडेल. चांदण्या लावल्या तर बद्रीनाथच्या नावापुढे पाच आणि त्याच्या आईच्या नावापुढेही पाच. समितीला तो दहा चष्म्यांचा खानदानी धंदा वाटेल.

खरा उपाय म्हणजे प्रत्येक माणसाला त्याचा स्वतःचा नंबर देणं, आणि रेष त्यावरून जोडणं. फोनवरून नाही. पण ते पुढचं. जुने चष्मे कुणाचे, हे सत्तावीसच्या आत शोधायला हवं. चष्म्याच्या नोंदीत नाव नाही, फक्त फोन नंबर आहे. मी काल अलिझाला थोपटत विचार करत होते. चष्म्याच्या नोंदीत काचेचा नंबर असतो. उजवा डोळा, डावा डोळा. आणि नोंदणीच्या वहीत तपासणीचा नंबर असतो. एका घरात फोन एक असेल, पण सगळ्यांचे डोळे सारखे नसतात. मोबाइल नंबर आणि दोन्ही डोळ्यांचे नंबर, असं मिळून जुळवा. बहुतेक सुटतील. उरतील ते प्रेमलाताईंना विचारावे लागतील.

म्हणजे त्यांना सांगावं लागेल. सगळं. बैठकीच्या आधी, आणि तुम्ही स्वतः.

चांदण्यांबद्दल मी अभिनव सरांना मेल टाकते. तुम्ही एकटे सगळं अंगावर घेऊ नका, तुमची ती सवय मला माहीत आहे.

अर्शिया


वारजे, २१ जानेवारी

चि. अर्शियास,
आशीर्वाद.

शुक्रवारी प्रेमलाताईंना सांगितलं. केंद्र बंद व्हायच्या वेळी गेलो, म्हणजे रांग नसते. त्यांनी सगळं ऐकलं, स्वतःचा चष्मा काढून पदराने पुसला, परत घातला. मग म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस मी चोर होते, ते तुमच्या एका बटणामुळे."

मी हो म्हटलं.

त्यानंतर त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. काम मात्र करतात. तुझी युक्ती चालली. एकशे एकाहत्तरांपैकी एकशे बावीस जण डोळ्यांच्या नंबरावरून सापडले. उरलेले एकोणपन्नास म्हणजे सासू-सुना, जावा-जावा. वाचायचा चष्मा, दोघींचा नंबर तोच. ती यादी मी शनिवारी ताईंसमोर ठेवली. त्यांनी पेन्सिल घेऊन एकेका ओळीपुढे लिहायला सुरुवात केली. काळी फ्रेम सासूची. सुनेने तपकिरी मागितली होती. हिचं नाक बसकं, हिला पॅड लावून दिले. वही न उघडता. मी समोरच्या बाकावर बसून होतो. त्यांना माझ्याशी काही बोलायचं असलं की त्या मदतनीस मुक्ताबाईंशी बोलतात. "मुक्ताबाई, त्यांना सांगा, तिसऱ्या ओळीत घर चुकलंय." मी दोन फुटांवर. मुक्ताबाई माझ्याकडे वळून सांगतात, "तिसऱ्या ओळीत घर चुकलंय." मी म्हणतो, "बरं." मुक्ताबाई ताईंना सांगतात, "बरं म्हणतायत."

सोमवारी आणि काल गावठाणात घरोघर जाऊन खात्री केली. अडतीसपैकी सदतीस घरं सुटली. प्रत्येक माणसाचा एकच चष्मा.

अडतिसावा बद्रीनाथ. पाचांतला एक वेणूबाईंचा, एक त्याच्या बायकोचा, एक चुलतीचा. उरले दोन. ते दोन्ही त्याचेच आहेत. पहिल्या चष्म्यावर तो टेम्पोत चुकून बसला. ताईंनी आठ दिवसांत दुसरा दिला आणि वाटपाच्या वहीत नोंद केली, पण वर परवानगी मागितली नाही.

हा एक काय करावा, या विचारात आहे. सदतीस सुटल्यावर एकाकडे कोण लक्ष देणार?

रंगनाथ काका


कात्रज, २२ जानेवारी

काका,

दोन आहेत तर दोनच दाखवा. एकदा सगळं सुंदर जुळवलं होतं, त्यात एकशे एकाहत्तर माणसं गेली.

बैठकीआधी पोटभर जेवून जा. रिकाम्या पोटी तुम्ही जास्तच खरं बोलता.

अर्शिया


वारजे, सोमवार, २ फेब्रुवारी

चि. अर्शियास,
अनेक आशीर्वाद.

बैठक झाली त्याच दिवशी लिहिणार होतो, पण गोष्ट पुरी झाल्यासारखी वाटत नव्हती. आज लिहितो.

समितीसमोर मी उभा राहून बोललो. बसून चाललं असतं, पण चूक सांगायची तर उभं राहायचं, ही शाळेतली सवय. मॉडेलचं चित्र पडद्यावर लावलं, आधी तुझ्या चांदण्या, मग माझा एक, मग नवी जुळणी. तुझा मेल अभिनव साहेबांनी आधीच सगळ्यांना दिला होता. एका सदस्यांनी विचारलं, "म्हणजे ही सगळी माणसं होतीच?" मी म्हटलं, "होती. चष्मे घालून घरात बसलेली होती."

अभिनव साहेबांनी विचारलं, "तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"घाबरलो," मी म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं.

मग बद्रीनाथची ओळ आली. ती मी लाल करून ठेवली होती. साहेब ताईंना म्हणाले, "याला मात्र दोन दिलेत."

"दिले," ताई म्हणाल्या.

"नियम एकाचा आहे."

"माहितीय. तो माणूस सिंहगड रोडला टेम्पो चालवतो. त्याला चष्म्याशिवाय सोडायचं होतं का? तुम्ही जाता ना रोज त्या रस्त्याने?"

साहेब जातात त्या रस्त्याने. विषय पुढे गेला.

ताई धायरीलाच राहिल्या. समितीने त्यांची लेखी माफी मागितली, त्यांनी ती घडी करून पर्समध्ये ठेवली. मला लेखी समज मिळाली आणि यापुढे दुसऱ्या कुणी तपासल्याशिवाय मी मॉडेलला हात लावायचा नाही. योग्यच आहे. गावठाणातल्या प्रत्येकाची नव्याने नोंद करून प्रत्येकाला स्वतःच्या नंबराचं कार्ड द्यायचं काम निघालं, ते मी मागून घेतलं. तीन रविवार लागतील.

सगळं ठीक झालं होतं, तरी ताई बैठकीतून निघताना माझ्या बाजूने गेल्या आणि बघितलंही नाही. माझी त्याबद्दल तक्रार नव्हती. पण रोज सकाळी देवासमोर बसलं की पाठीमागे कुणीतरी उभं आहे, असं वाटायचं.

काल पहिला रविवार होता. केंद्राबाहेर टेबल टाकून बसलो. माझ्यामागे दारात ताई काचा तपासत होत्या, मुक्ताबाई मला कार्डं काढून देत होत्या. सकाळपासून निरोप नेहमीच्याच वाटेने येत होते. अकराच्या सुमारास एक म्हाताऱ्या बाई पुढे आल्या. नाव विचारलं, म्हणाल्या, "वेणूबाई." मी मान वर केली. कागदावर इतके दिवस शोधलेलं माणूस समोर उभं होतं. नाव लिहिलं, कार्ड दिलं.

"आजी, हा तुमचा नंबर."

"माझा? नंबर तर बद्रीचा हाय."

"तो फोनचा झाला. हा तुमचा एकटीचा. घरात दुसऱ्या कुणाचा नाही."

त्यांनी कार्ड हातभर लांब धरलं, मग जवळ आणलं. चार आकडे त्यांनी बोटाने मोजले. "आन् ह्यो लावला, तर उचलंल कोन?"

तो लागत नाही, तो फक्त आमच्या टेबलात असतो, हे सांगायला तोंड उघडलं आणि ते किती दरिद्री उत्तर आहे ते कळलं. मागे बायका खोळंबल्या.

"मी उचलीन, आजी," दारातून ताईंचा आवाज आला. "काच फुटली, दांडी तुटली, तर हे कार्ड घेऊन सरळ माझ्याकडे यायचं. बद्रीला विचारायचं नाही." वेणूबाईंनी कार्ड कमरेच्या पिशवीत ठेवलं.

मी मागे वळून ताईंकडेच बघत होतो.

"रंगनाथराव, लिहा की पुढचं नाव. रांग थांबलीय."

मुक्ताबाई निरोप सांगायला माझ्याकडे वळल्याच होत्या. त्या ताईंकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. मी पुढचं नाव विचारलं.

तुझा,
रंगनाथ काका